खोललंच आहे तर

"मालक नाही आले?" रंगरावांनी गाडीतून उतरलेल्या बाईंना विचारलं आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"मीच आलोय की," बाई म्हणाल्या. "गाडी माझी हाय. काय विचारायचं ते मला विचारा."

कोल्हापुरातल्या पुष्कळ बायका सरळ 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. या बाई त्यातल्याच. मृणालिनी इंगवले त्यांचं नाव. पन्नाशीच्या, केस कानाखाली कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. शिरोलीला त्यांची फाउंड्री होती. गाडी मात्र फाउंड्रीवाल्याची वाटत नव्हती. गडद निळी, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली जपानी स्पोर्ट्स कार. ती आमच्या शेडमध्ये शिरली तेव्हा जळक्या क्लचचा वास तिच्या आधी आत आला होता.

"चढाला इंजिन नुसतं ओरडतंय," मॅडम म्हणाल्या. "गाडी हाय तिथंच."

"प्लेट संपली," रंगराव म्हणाले. "गिअरबॉक्स उतरवावा लागंल."

मी टेबलाशी बसून जॉबकार्ड लिहायला घेतलं. उद्यमनगरातलं आमचं गॅरेज तेव्हा बारा वर्षांचं होतं आणि पत्र्याची नवी शेड जेमतेम चार महिन्यांची. कार्डं लिहिणं, फोन घेणं, पार्ट मागवणं ही माझी कामं. सात आठवडे मी घरी होते. त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर आले होते. पोटाला आडवे टाके होते, ते भरले होते, पण त्यांच्या भोवतीची वीतभर कातडी बधिर झाली होती. टेबलाची कड तिथे टेकली तरी कळायचं नाही. मी मधूनमधून पेन्सिलीचं टोक टेकवून बघायचे. काही लागायचं नाही.

नवऱ्याचं नाव मी आता रंगराव असं सरळ घेते. तेव्हा घेत नव्हते. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात, तशी मीही म्हणायचे. 'मालक बाहेर गेलेत', 'मालकांना विचारून सांगते'. दिवसातून वीस वेळा फोनवर हेच. तो शब्द मी कधी सोडला ते मला नेमकं माहीत आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

रंगरावांना कुणी वाईट म्हणणार नाही. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. गिअरबॉक्समध्ये त्यांचा हात धरणारा उभ्या उद्यमनगरात नव्हता. एकच खोड होती. कुठलीही वस्तू उघडली की तेवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. "खोललंच आहे तर" म्हणायचे आणि पुढचं काम काढायचे. घरातही तेच. पंखा पुसायला उतरवला तर "उतरवलाच आहे तर" म्हणून त्याचं बेअरिंग बदललं. एकदा मी गादीची खोळ धुवायला काढली, तर "काढलीच आहे तर" म्हणून त्यांनी कापूस पिंजायला पाठवला आणि आम्ही चार दिवस सतरंजीवर झोपलो. मी हसायचे. शेजारणींना रंगवून सांगायचे.

मॅडमपुढेही त्यांनी सुरुवात केली.

"कसं असतंय मॅडम, प्लेट बदलायला अर्धा तास. पण तिच्यापर्यंत पोचायला दीड दिवस. सायलेन्सर काढा, शाफ्ट काढा, गिअरबॉक्स खाली घ्या. एवढं करून नुसती प्लेट घालायची आणि बंद करायचं, हे शहाणपणाचं न्हाई. खोललंच आहे तर रिलीज बेअरिंग बदलून टाकायचं. इंजिनाच्या मागच्या तोंडाला रबरी सील असतंय, ते बदलायचं. आत्ता गळत नसंल, पण उद्या गळायला लागलं की तेल नव्या प्लेटवर. मग पुन्हा सगळं पहिल्यापास्नं. क्लचचा तेलाचा पाइप हाय, तो फुगला असंल. फ्लायव्हील लेथवर घासून घेऊ."

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "सगळं बदला असं मी म्हणणार नाही आणि काही बदलू नका असंही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "खोला. एकेक वस्तू बघा. बदलायच्या आधी मला फोन करा."

"ते तर करणारच," रंगरावांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर त्यांनी स्वतः लाल रंगात लिहिलेली पाटी होती. 'मालकाला विचारल्याशिवाय जादा काम केले जाणार नाही. जुने पार्ट मालकाने पाहून घ्यावेत.' पूर्वी एका गिऱ्हाइकाशी यावरून जोराचं भांडण झालं होतं, तेव्हापासून हा नियम. आणि नियम म्हणजे नियम. दहा पैशांचा वॉशर जादा घालायचा तरी ते आधी मला फोन लावायला सांगायचे. माझ्या जॉबकार्डावर रकानाच होता, 'जादा काम', त्याच्यापुढे 'मंजूर / नामंजूर', आणि खाली 'मालकाची सही'.

मॅडमनी सही केली आणि रिक्षा करून गेल्या.

"चालतीस का आजचा दिवस?" रंगरावांनी मला विचारलं. "दमल्यासारखं वाटलं तर दस्तगीरमामा घरी सोडतील."

"मी बरी आहे," मी म्हटलं.

दस्तगीरमामा आमच्याकडचे जुने मिस्त्री. साठीला आलेले, बोलणं कमी. त्यांनी न सांगता माझ्या खुर्चीवर एक उशी आणून ठेवली होती.

मी बरी नव्हते, पण काय होतंय तेही सांगता आलं नसतं. रडू येत नव्हतं. राग येत नव्हता. भूक लागली की जेवायचे, दिवे मालवले की झोपायचे. त्या दिवसांत मी फक्त एका वाक्याची वाट बघत होते, आणि ते रंगरावांच्या तोंडून यायला हवं होतं.

माझ्या पोटात डाव्या बाजूला गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती काढायला सांगितली, आम्ही तारीख घेतली. सहा वर्षांच्या लेकीला, अमृताला, कागलला आईकडे सोडलं. मला पूर्ण भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा रंगराव उशाशी होते. "गाठ निघाली," म्हणाले. "साधी होती. आता काळजी नको." त्यांचे डोळे सुजलेले होते. माझ्यासाठी हा माणूस रडला, असं वाटून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा मी तिथल्या सिस्टरला विचारलं, "पाळी कधी येईल आता?" सिस्टरने माझ्याकडे पाहिलं नाही. रंगरावांकडे पाहिलं. "येईल दोन-तीन महिन्यांनी," रंगराव म्हणाले. सिस्टर कात्री धुवायला निघून गेली.

दवाखान्याची फाइल त्यांनी कपाटाच्या वर, अगदी मागे सरकवून ठेवली. आमच्या घरातला कागद आणि कागद मी वाचते हे ते कसे विसरले कोण जाणे. विम्याची पावती शोधताना ती माझ्या हाती आली. बारावीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी वाचता येतं, पण एक शब्द अडला. हिस्टरेक्टमी. मी तो एका जुन्या जॉबकार्डाच्या मागे उतरवला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेऊन दाखवला. तो पोरसवदा केमिस्ट कार्डाकडे बघतच राहिला. मग काउंटरवरच्या गोळ्या सारख्या करत म्हणाला, "पिशवी काढतात वहिनी, त्याला म्हणतात."

मी तिशीची होते. दुसरं मूल आम्ही लांबवलं होतं. शेड होऊ दे, मग बघू, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. अमृताची झबली-टोपरी मी माळ्यावर जपून ठेवली होती. शेड झाली होती.

मेडिकलमधून घरी आले आणि भाकरी केल्या. रंगराव जेवले. मी वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील. गिऱ्हाइकाला वॉशरचा हिशोब सांगणारा माणूस एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणार नाही, असं मला वाटत होतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर मी काहीतरी करू शकेन, रडेन, भांडेन, माफ करेन. मीच विचारलं तर काय होईल ते मला समजत नव्हतं. असे एकोणीस दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गिअरबॉक्स खाली आला. दोघांनी तो जॅकवरून सरकवत ताडपत्रीवर ठेवला. क्लच उघडला तर आत काळा भुसा. प्लेटच्या दोन्ही बाजू झिजून रिव्हेटपर्यंत आल्या होत्या.

"लाव फोन," रंगराव म्हणाले.

फोन माझ्या टेबलावर होता. ते ताडपत्रीवरून ओरडून सांगायचे, मी मॅडमना सांगायचे, आणि मॅडमचं उत्तर ओरडून त्यांना.

"मॅडम, मागचं सील कडक झालंय. गळत नाही अजून. बदलायचं का विचारतायत."

"रबर कडक झालंय म्हणजे गळणारच. बदला."

मी लिहिलं, मंजूर.

रंगरावांनी रिलीज बेअरिंग कानाशी धरून फिरवलं. बेअरिंग बघायची त्यांची हीच रीत. डोळे मिटायचे आणि ऐकायचे. दोनदा फिरवलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पण खोललंच आहे तर घालू नवं."

मी तसंच सांगितलं. मॅडम हसल्या. "चांगलं असताना का बदलायचं?"

मी विचारलं. रंगराव ताडपत्रीवरून उठून टेबलापर्यंत आले आणि समजावून सांगायला लागले. हे बेअरिंग गेलं की गाडी रस्त्यात उभी राहते. वस्तू हाताएवढी, पण तिच्यासाठी पुन्हा एवढा सगळा पसारा. नव्या प्लेटबरोबर जुनं बेअरिंग म्हणजे दुखणं घरात ठेवून दार लावणं. चांगली सात-आठ मिनिटं ते बोलत होते आणि मी वाक्या-वाक्याने पलीकडे पोचवत होते.

"बरं, पटलं," मॅडम म्हणाल्या. "घाला. जुनं मला दाखवा मात्र."

मंजूर. मग फ्लायव्हीलसाठी फोन. त्यावर निळे डाग पडले होते. मंजूर. मग तेलाच्या पाइपसाठी. मंजूर. प्रत्येक वेळी रंगराव थांबायचे. हातात पाना घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवली की मगच त्यांचे हात चालायचे. मी इतकी वर्षं ते बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते मला दिसलं. टेबलाखाली मी पेन्सिलीचं टोक पोटाला टेकवलं. दाबलं. काही नाही.

दुपारी त्यांनी गिअरबॉक्सचा दांडा हाताने हलवून बघितला आणि दस्तगीरमामांना म्हणाले, "दुसरा गिअर कुरकुरतोय बघा. आतली रिंग झिजली असणार. आज ना उद्या जाणार." मग मला हाक मारली. "छाया, लाव गं फोन. म्हणावं गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर आतून खोलतो. रिंगा बदलतो. दोन दिवस जास्त लागतील, पण दहा वर्षं बघायला नको."

मी फोन लावला. सांगितलं.

"नको," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते म्हणतात उतरवलाच आहे, तर..."

"उतरवला म्हणून खोलायचा का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या गिअरची खोड मला म्हायती हाय. टाकताना मी जरा थांबतो, मग जातो. आमचं जमलंय. मिस्त्रींना सांगा, खोलायचा नाही."

"पुढे बिघडला तर पुन्हा उतरवावा लागेल म्हणतात."

"पुढं बिघडला तर पुढं बघू. गाडी माझी हाय ना?"

"हो."

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून बसले. रंगराव माझ्याकडे बघत होते.

"नको म्हणाल्या," मी सांगितलं.

"चूक करतायत," रंगराव म्हणाले. त्यांनी गिअरबॉक्सवरून एकदा हात फिरवला. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "पुन्हा समजावून बघू का? न्हाई, नकोच. मालकाची मर्जी." त्यांनी उघडलेला पान्यांचा डबा बंद केला. "नामंजूर लिही."

त्या रकान्यात मी तोवर कधी नामंजूर लिहिलं नव्हतं. रंगरावांना नाही म्हणणारं गिऱ्हाईक विरळाच. मी तो शब्द लिहिला, आणि मग त्याच्यावरून पुन्हा एकदा पेन्सिल फिरवली.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं परत जागेवर चढलं होतं. नवं सील, नवं बेअरिंग, घासून चकचकीत केलेलं फ्लायव्हील, नवी प्लेट. फक्त क्लचच्या नव्या पाइपमधली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा गाडीखाली झोपून पाइपच्या टोकाचं निप्पल उघडतो. दाबलेल्या पेडलाबरोबर तेल आणि हवा बाहेर येते. निप्पल आवळलं की वरच्याने पेडल सोडायचं. हे असं पंधरा-वीस वेळा. निप्पल उघडं असताना पेडल सोडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं. इतकी वर्षं गॅरेजात काढल्यावर हे मलाही माहीत होतं.

शुक्रवार होता. दस्तगीरमामा नमाजाला गेले होते.

"छाया, बसतीस का पाच मिनिटं?" रंगराव म्हणाले. "पोटाला ताण येत असंल तर ऱ्हाऊ दे. मामा आल्यावर करू."

"बसते," मी म्हटलं.

सीट आत इतकी खोल होती की बसताना दाराला धरावं लागलं. गाडी चारी बाजूंनी स्टँडवर उचललेली होती. रंगराव पाठीवर सरकत खाली गेले. मला ते दिसत नव्हते. समोरच्या काचेतून भिंत दिसत होती आणि भिंतीवरची लाल पाटी.

"दाब," खालून आवाज आला.

मी दाबलं.

"सोड."

मी सोडलं.

"दाब... धरून ठेव... सोड."

असं सहा-सात वेळा झालं. डाव्या पायाला सुरुवातीला पेडल पोकळ लागत होतं, आता जरा जड लागायला लागलं होतं. पोटात ताण येत असेल, पण मला तो कळत नव्हता. मी पाटी वाचत होते. मालकाला विचारल्याशिवाय. मालकाला विचारल्याशिवाय.

"दाब. धर."

मी दाबलं. निप्पल उघडल्याचा आवाज झाला, डब्यात तेल पडलं, पेडल खाली फरशीला टेकलं.

"मला कधी सांगणार आहात?" मी विचारलं.

"काय?"

"पिशवीचं."

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"कुणी सांगितलं?"

"कागदावर लिहिलंय."

बाहेरच्या रस्त्यावरून लोखंडी सळया भरलेला टेम्पो गेला.

"सोडू नकोस हं," रंगराव म्हणाले. "निप्पल उघडं हाय."

"नाही सोडत. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"काय झालं ते."

ते सांगायला लागले. त्यांचा आवाज गाडीच्या पत्र्यातून माझ्या पायाशी येत होता.

"तुला आत नेऊन पाऊण तास झाला असंल. सिस्टर बाहेर आली. म्हणाली, पेशंटचे मालक कोण? मी उठलो. मला आत दारापर्यंत नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली, साधी हाय. पण पिशवीला दोन बारीक गाठी दिसत्यात. हरभऱ्याएवढ्या. आज त्यांचा काही त्रास न्हाई. पुढं वाढतील, न्हाईतर जन्मभर तशाच राहतील. वाढल्या तर पुन्हा पोट उघडावं लागंल. ठेवायची तर ठेवू, काढायची तर आत्ताच काढू. तुम्ही मालक, तुम्ही सांगा. सही लागंल, म्हणाले."

"मग?"

खाली त्यांनी तेलाचा डबा सरकवला.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. त्यांनी काय म्हटलं असेल, कुठल्या आवाजात, हात कसा हलवून, सगळं मला दिसत होतं. पण मला ते ऐकायचं होतं.

"म्हटलं," रंगराव म्हणाले, "उघडलंच आहे तर काढून टाका."

मी पाय दाबून धरला होता. पोटरीत गोळा यायला लागला होता.

"माझ्या आईला दोनदा उघडलं होतं छाया," ते घाईघाईने बोलायला लागले. "तुला म्हायती हाय. पहिल्यांदा बरी होऊन आली. दुसऱ्यांदा उघडलं ते मेलेलीच बाहेर आणली. तिथं दारात उभा राहून मला तीच दिसत होती. म्हटलं, आपल्याला पोरगी हाय एक. पुन्हा पुन्हा नको. तुझ्या जिवाला धोका नको एवढंच माझ्या डोक्यात होतं. देवाशपथ."

त्यांचं खोटं नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे.

"मी शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं," मी म्हटलं.

"मग पुन्हा उघडावं लागलं असतं."

"लागलं असतं तर लागलं असतं. मी ठरवलं असतं."

"डॉक्टरनी मलाच विचारलं. मालकाची सही म्हणाले."

"काल सीलसाठी तुम्ही मॅडमना फोन केलात," मी म्हटलं. "बेअरिंगसाठी केलात. पाइपसाठी केलात. फोन मीच लावला. त्या नको म्हणाल्या, तर तुम्ही डबा बंद केलात."



मला वाटलं होतं, हे सगळं बोलून झालं की रडू येईल. आलं नाही. आणखी एक गोष्ट विचारायची राहिली होती. आमच्या गॅरेजच्या रिवाजाची होती ती, म्हणून सुचली असेल. मॅडमचे जुने पार्ट दस्तगीरमामांनी सकाळीच पुसून एका खोक्यात भरले होते. खोकं माझ्या टेबलावर होतं, काचेतून मला दिसत होतं. मॅडम आल्या की त्यांना ते उघडून दाखवायचं होतं.

"तुम्हाला दाखवली का त्यांनी?" मी विचारलं.

"काय?"

"काढल्यावर. मला वाटतं नातेवाइकांना दाखवतात."

"दाखवली," रंगराव अगदी हळू म्हणाले. "सिस्टर ट्रे घेऊन बाहेर आली. बघून घ्या म्हणाली."

"बघितलीत?"

"बघितली."

"कशी होती?"

ते डोळे मिटून पडले असावेत, बेअरिंग ऐकताना मिटतात तसे. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पार्टच्या बाबतीत तर कधीच नव्हती.

"चांगली होती," ते म्हणाले.

तेव्हा मला राग आला. एकवीस दिवसांनी, पहिल्यांदा, पोटाच्या त्या बधिर जागेच्या खालून कुठूनतरी तो आला.

"धर हं," खालून रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज भिजलेला होता आणि ते चाचपडत पाना शोधत होते. "आवळतो आता. मी सांगंपर्यंत सोडू नकोस."

मी पेडलवरचा पाय उचलला.

खाली पाइपने हवा ओढल्याचा बारीक आवाज झाला. मी दाराला धरून गाडीतून खाली उतरले, टेबलाशी गेले आणि खुर्चीवर बसले. फोन वाजत होता. कुणीतरी नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, मालक आहेत का?

"मिस्त्री गाडीखाली आहेत," मी म्हटलं. "काम काय ते मला सांगा."